चेंचाच्या फोटोखालची ओळ

सांता मारिया,
बावीस ऑक्टोबर

प्रिय यारेली,

तू फोनवर पाठवलेला फोटो मी दिवसातून दहा वेळा उघडून बघते आहे. विद्यापीठाच्या दालनात मृतांच्या सणासाठी तुम्ही मांडलेली वेदी, पायऱ्यांवर जांभळं कापड, आणि मधोमध तुझ्या ओदिलियाच्या आईचा हसरा फोटो. त्याखाली पाटी : 'क्रेसेन्सिया, वय सव्वीस. ती गेली, कारण त्या दिवशी त्या हॉस्पिटलात तिची भाषा येणारं कुणीच नव्हतं.' तू विचारलंस, आई, ओळ बरोबर आहे ना, छापायला द्यायची आहे. मी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. एक तारखेला मी झेंडूची फुलं आणि सणाचा पाव घेऊन यावं, पहिल्या रांगेत ओदिलियाशेजारी बसावं, असंही तू लिहिलंस. त्याला मी चार दिवस काहीच उत्तर दिलं नाही, आणि तू रागावलीस हे तुझ्या एकेका शब्दाच्या निरोपांवरून कळतंच आहे. उत्तर देते, बाळा. पण ते फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून तुझ्या शाळेच्या जुन्या वहीची पानं फाडून बसले आहे.

मी स्पॅनिशमध्ये लिहिते आहे, कारण मला दुसऱ्या कशात लिहिताच येत नाही. आपली पावसाची बोली मला बोलता येते, लिहायला कुणी शिकवलं नाही. तुला हे वाचायला वेळ लागेल. एरवी शब्द अडला की तू खोलीतल्या खोलीत ओदिलियाला विचारतेस. हे पत्र मात्र तिला दाखवू नकोस, तिला एकही शब्द विचारू नकोस. डिक्शनरी घे, दोन दिवस लागले तरी चालतील, पण शेवटच्या पानापर्यंत एकटीनं वाच. पुढचं तिथं सांगितलं आहे.

इकडचं म्हणशील तर सगळं ठीक. तुझ्या बाबांचा गुडघा कुरकुरतो आहे आणि ते माझ्यावर कुरकुरतात. स्ट्रॉबेरीचा हंगाम आटोपत आला, या आठवड्यात चारच दिवस काम मिळालं. शेजारच्यांच्या कोंबड्यानं पुन्हा माझी कोथिंबीर उकरली. झेंडू मात्र यंदा इतका फुलला आहे की कुंपणाबाहेर डोकावतो. तुझ्यासाठी मोजून चाळीस फुलं ठेवली आहेत. ती तुझ्याकडे पोचतील, मी आले किंवा नाही आले तरी.

तुझ्या त्या लातिनो विद्यार्थी मंडळातल्या भांडणापासून सुरुवात करते, कारण माझ्यापुरतं सगळं तिथूनच उघडं पडलं. पहिल्या वर्षी तू तिथं गेलीस आणि रडत मला फोन केलास. लातिनो कोण आणि कोण नाही, यावर तास दोन तास वाद झाला होता. तो सोनेरी केसांचा मुलगा, ज्याचे आजोबा इटलीहून अर्जेंटिनाला आले, त्याला कुणी काही विचारलं नाही. पनामाच्या त्या काळ्या मुलीला दारातच विचारलं की बाई, तू चुकून या खोलीत आलीस का. ब्राझीलची मुलगी आत की बाहेर, यावर मतदान घ्यायची वेळ आली. आणि तू तोंड उघडल्यावर कुणीतरी हसून म्हणालं की हिची स्पॅनिश ऐका, ही कसली लातिना. तुझा हुंदका ऐकून माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, 'बाळा, माझ्या आईलाही स्पॅनिश येत नव्हती.' अठरा वर्षं तुला सांगितलं होतं की मी पुएब्ला शहरातली. एका वाक्यात ते सगळं गेलं. तू तर आनंदानं उडालीस. महिन्याभरात तुझ्या अंगात 'आम्ही पावसाचे लोक' असं छापलेला सदरा आला, ओदिलियाकडून तू आपली बोली शिकायला लागलीस आणि मंडळात उभी राहून म्हणालीस की रोमन लोकांच्या भाषेशी माझ्या आजीचा काय संबंध, मला लातिना म्हणूच नका. ती 'लातिनो'ची चौकट कुणाची, ते तुम्ही खुशाल भांडून ठरवा. शिकलेल्या पोरांनी भांडावंच. मी तुला एवढंच सांगणार आहे की त्या चौकटीत शिरायला मी काय दिलं, आणि ते माझं नव्हतंच.

मी नऊ वर्षांची असताना वडिलांनी मला पुएब्लाला एका निवृत्त शिक्षिकेकडे कामाला ठेवलं. दोन्या एल्विरा तिचं नाव. चांगली होती बिचारी. जेवायला पोटभर द्यायची, मला लिहायवाचायला तिनंच शिकवलं. फक्त आपल्या बोलीतला एक शब्द तोंडून निघाला की लाकडी पळीनं बोटांच्या पेरांवर मारायची, आणि मारून झाल्यावर तूप लावायची. वर्षभरात मी झोपेतसुद्धा स्पॅनिश बोलते असं ती मोलकरणींना कौतुकानं सांगायची. पुढं सीमा ओलांडून इथं अमेरिकेत आले, तुझ्या बाबांशी ओळख झाली, आणि त्यांनी गाव विचारल्यावर मी पुएब्ला म्हणाले. तसं ते खोटंही नव्हतं, असं मी मनाला सांगितलं. उंचीनं बरी, रंगानं उजळ, स्पॅनिश मास्तरणीची. कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग तुझी अंपारो आजी, माझी सासू. तिच्याबद्दल मी वाईट लिहायला बसलेले नाही. तू झालीस तेव्हा चाळीस दिवस तिनं मला खाटेवरून पाय खाली टाकू दिला नाही, कोंबडीचं सूप स्वतः भरवलं. तुझ्या वेण्या तिनं घातल्या, हालिस्कोचा तो रंगीत फितींचा घागरा तिनं रात्ररात्र बसून शिवला. पण तिची जीभ तुला ठाऊक आहे. शेतावर ओणवं राहून फळ खुडणारी सगळी आपली माणसं, आणि ती त्यांना आपल्या ओआहाका प्रांतावरून 'ओआहाकिता' म्हणायची, जसं कुणी मांजराच्या पिल्लाला म्हणावं. बुटकी, अडाणी, धड बोलता न येणारी. तिचा नवरा एके काळी मुकादम होता, मुलगा ट्रॅक्टर चालवायचा, आणि हालिस्कोची माणसं म्हणजे खरी मेक्सिकन, असं तिचं मत होतं. दवाखान्यात, शाळेत कुठलाही फॉर्म आला की ती माझ्याकडे द्यायची. वंशाच्या रकान्यात 'लातिनो' अशी चौकट असायची. तिथं खूण करताना, यारे, मला दर वेळी परीक्षा पास झाल्यासारखं वाटायचं. त्या चौकटीत अंपारो आजीही होती आणि मीही. एकाच शाईनं.

तुला मी सांगितलं होतं की ओदिलियाच्या आईची आणि माझी शेतावरची तोंडओळख. ते खोटं. क्रेसेन्सिया म्हणजे आमची चेंचा. तिचं घर आमच्या घराला लागून होतं. आम्ही दोघी एका पातेल्यात जेवलो, एकत्र शेळ्या राखल्या, मला पुएब्लाला न्यायला आले तेव्हा ती बसच्या मागं वळणापर्यंत धावत आली होती. सोळा वर्षांनी ती इथं आमच्या शेतावर कामाला आली. मी तेव्हा ओळीच्या टोकाशी उभी राहून पेट्या तपासायचे, डोक्यावर हॅट, हातात पेन. तिनं मला लांबून ओळखलं आणि दोन सऱ्या पलीकडून आपल्या बोलीत माझ्या नावानं हाक मारली. मुकादम शेजारी उभा होता, तुझे बाबा ट्रॅक्टरवर होते. मी स्पॅनिशमध्ये म्हणाले, 'बाई, काय म्हणताय? मला कळत नाही.' ती तशीच उभी राहिली, हातात स्ट्रॉबेरी. मग तिनं मान खाली घातली आणि तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, 'माफ करा, सेन्योरा.' त्या दिवसापासून चार माणसांत मी तिची सेन्योरा झाले. एकदाही ती चुकली नाही. आणि खरं सांगू, मला हायसं वाटायचं.

मंगळवारी मात्र आमची गाठ पडायची. मेन स्ट्रीटच्या मागं कपडे धुण्याच्या यंत्रांचं दुकान होतं, तिथं हालिस्कोवाले फिरकत नसत, कारण त्यांच्या घरी स्वतःची यंत्रं आली होती. आमच्या घरीही होतं. मी मुद्दाम सांगायचे की आपलं यंत्र चादरी नीट पिळत नाही. तिथं गरम हवेत, यंत्रांच्या घरघरीत आम्ही तासभर आपल्या बोलीत बोलायचो. चेंचा गावाकडून आलेल्या गुआहेच्या शेंगा शालीखालून काढायची. त्या बिया खाल्ल्या की तोंडाला जो वास येतो, तो लपवायला मी घरी जाताना पुदिना चघळायचे. ती माझी खूप थट्टा करायची. म्हणायची, 'तुझी जीभ आता बूट घालून चालते गं. घरात आल्यावर तरी काढून ठेवत जा.' एकदा म्हणाली, आपली करडी शेळी अजून जिवंत आहे, तिला तू आठवतेस, पण तू काही तिला ओळख देणार नाहीस. मी हसले. तीही हसली. गावी आईकडे ठेवलेल्या तिच्या मुलीबद्दल बोलताना मात्र ती हसायची नाही. मुलगी तुझ्याच वयाची होती, पाच वर्षांची. ओदिलिया.

तो वेदीवरचा फोटो, जो ओदिलिया एरवी बटव्यात घालून फिरते, तो त्या दुकानातला आहे. तुझ्या पाचव्या वाढदिवसाला आणलेल्या स्वस्त कॅमेऱ्यात एक फोटो उरला होता. तो मी काढला. कोपऱ्यात निळी बादली दिसते बघ, ती आपली. आत्ता तिच्यात बटाटे आहेत. ओदिलिया नेहमी विचारते ना, की आई कुणाकडे बघून एवढी हसते आहे? माझ्याकडे.

आता एक गोष्ट तुला समजली पाहिजे, कारण ती तुमच्या पुस्तकांत नसेल. आपल्या गावात मोठ्या माणसाला, अनोळखी माणसाला, हातात कागद असलेल्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. ते उर्मटपणाचं समजतात. चेंचाला स्पॅनिश शब्द येत असतील तीस-चाळीस, आणि त्यातला सगळ्यात लाडका 'सी'. हो. मुकादमानं उद्या लवकर ये म्हटलं, सी. उद्या येऊ नको म्हटलं, सी. दुकानात मी तिला म्हणायचे, अगं बाई, कधीतरी नाही म्हण, हा देश 'नाही' म्हणणाऱ्यांचा आहे. ती म्हणायची, तोंड वळत नाही गं.

मे महिन्यातला शनिवार होता. अंपारो आजीची साखर वाढली म्हणून मी तिला घेऊन हॉस्पिटलात गेले, तातडीच्या विभागात. तुला घरी ठेवायला कुणी नव्हतं. तू माझ्या मांडीवर बसून यंत्रातली बिस्किटं खात होतीस, तुझ्या गुडघ्यावर सगळा चुरा. मी आजीचा फॉर्म भरला, चौकटीत खूण केली. एवढ्यात आतून एक नर्स बाहेर आली. छातीवर नाव होतं रेयेस, म्हणून आजीनं तिच्याशी धडाधड स्पॅनिश सुरू केली, आणि ती पोर ओशाळून हात हलवायला लागली. ती फिलिपिन्सची होती. नाव स्पॅनिश, भाषा निराळीच. मला वाटतं, म्हणूनच तिला ते सुचलं. त्या अख्ख्या इमारतीत तिलाच एकटीला सुचलं की नाव स्पॅनिश असलं म्हणजे माणसाला स्पॅनिश कळतंच असं नाही. ती पाठ केलेल्या चार शब्दांत एकेकाला विचारत फिरत होती की इथं कुणाला मिश्तेको, म्हणजे आपली पावसाची बोली, येते का. बाकीचं ती इंग्रजीत सांगत होती : आत एक बाई आहे, पोटात खूप दुखतंय. फोनवरच्या दुभाष्यानं तिला स्पॅनिशमध्ये विचारलं, ऑपरेशन करायचं का, ती सी म्हणाली. घरी जायचं का विचारलं, तर तेही सी. डॉक्टर म्हणतात, दोन्ही कसं होईल.

बाकीच्या कुणाला कळलं नाही, मला त्या क्षणी कळलं की आत कोण आहे. आणि पडदा सरकलाच होता. चाकांच्या खुर्चीत ती बसली होती, शेतातल्याच कपड्यांत, एक हात कुशीवर दाबून. तिचा नवरा तेव्हा वॉशिंग्टन राज्यात सफरचंदांच्या कामावर गेलेला. शेताच्या गाडीवाल्यानं तिला दारात सोडून दिलं होतं. ती माझ्याकडेच बघत होती.

आजी नर्सला म्हणाली, 'आम्ही तसले नाही हो. आम्ही हालिस्कोचे. आणि ही माझी सून, पुएब्लाची.' आणि मग माझ्याकडे वळून, 'बघ, या लोकांना धड बोलता येत नाही, आणि सरकार ह्यांना नि आपल्याला एकाच चौकटीत बसवतं.' नर्सनं ते सोडून दिलं. ती माझ्यासमोर थांबली, कारण तिनं चेंचाची नजर कुठं लागली आहे ते पाहिलं होतं. तिनं मला विचारलं, तुम्हाला येतं का? मी म्हणाले, 'मला येत नाही. मी पुएब्लाची.'

यारे, हे वाक्य मी पंधरा वर्षं दुसऱ्या कुणाजवळ बोललेले नाही. पाद्रीबाबांजवळसुद्धा नाही. मी हात जोडून सांगते, तेव्हा मला एवढं गंभीर आहे असं वाटलं नव्हतं. पण ते खरं की मी नंतर तसं ठरवलं, हेही आता मला सांगता येत नाही.

नर्सला माझं खरं वाटलं नसावं. ती चेंचाकडे गेली, माझ्याकडे बोट दाखवलं आणि तिला विचारलं, तुम्ही ह्या बाईंना ओळखता का? चेंचानं आजीकडे पाहिलं. माझ्या मांडीवर तू होतीस, तुझ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आयुष्यभर ज्या बाईचं तोंड त्या शब्दाला वळलं नाही, ती म्हणाली, 'नो.' आणि नर्सला नीट कळावं म्हणून मानही हलवली. 'नो, सेन्योरिता.'

ते तिनं माझ्यासाठी म्हटलं. माझं घर, माझी सासू, माझी चौकट मोडू नये म्हणून. पोटात एवढं दुखत असताना.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. ऑपरेशन नको असं लिहिलेल्या कागदावर तिचा अंगठा घेतला होता, बोटाला शाई तशीच होती, हातात गोळ्यांची पुडी. दाराकडे जायला माझ्यासमोरूनच वाट होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त जाताना तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्यामागं दार बंद झालं तसा आजीनं रुमाल काढला आणि तुझे केस पुसले. मी ते पुसू दिले.

मी ठरवलं होतं की संध्याकाळी तिच्या खोलीवर जायचं, तिला नीट समजावून सांगायचं, हवं तर ओढत परत न्यायचं. पण आजीला त्यांनी ठेवून घेतलं, मग तिच्या अंथरुणाशी मी. रविवारी चर्चमध्ये मिस्सा होती, तुझे काका-काकू जेवायला आले, मी भात टाकला. प्रत्येक तासाला मनात म्हणत होते, आता जाते. चेंचा रविवारी दुपारी गेली. अपेंडिक्स फुटलं होतं. मला सोमवारी कळलं, तिची सरी मोकळी बघून, आणि मुकादमानं नाव खोडताना सांगितलं त्यावरून. मी त्या दिवशी सगळ्या पेट्या तपासल्या. एकही चूक केली नाही.

शव गावी पाठवलं. सामानात मी तो फोटो ठेवला, पाकिटावर फक्त 'मुलीसाठी' असं लिहून. खाली नाव घातलं नाही. दहा वर्षांनी तू शाळेतून एक मैत्रीण घरी घेऊन आलीस, नुकतीच गावाकडून बापाकडे आलेली, नि दारात चेंचा उभी. तीच कपाळपट्टी, तेच हसताना तोंडावर हात धरणं. तुला आठवत असेल, मी तिला तीन वेळा भात वाढला आणि स्वतः मेजावर बसलेच नाही. तू म्हणालीस, आई, तू तिला घाबरवलंस. त्यानंतर ती कितीदा आली, माझ्या हातचं जेवली, मला 'तिया' म्हणायला लागली. मावशी. तिनं तुला आपली बोली शिकवली, जी मी शिकवायला हवी होती. तिच्या आईसाठी हॉस्पिटलात एक वाक्य बोलायची माझी छाती झाली नाही, आणि तिनं माझ्या मुलीला अख्खी भाषा दिली.

आणि त्या भाषेची बातमी तू उत्साहानं जेवताना फोडलीस ते आठवतं? 'बाबा, तुम्हाला माहीत आहे का, आई पुएब्लाची नाहीच.' तुझ्या बाबांनी टोर्टियाचा घास घेतला आणि म्हणाले, 'माहीत आहे. लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून. ती झोपेत बोलते ना.' तू खदखदून हसलीस. वर म्हणाले, अंपारो आजीलाही माहीत होतं. म्हणायची, राहू दे, तिला नको आहे तर आपण कशाला विषय काढायचा, सून म्हणून चांगली आहे. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कांदा चिरायला घेतला. तू आत येऊन मला मिठी मारलीस, म्हणालीस, बघ आई, किती सोपं होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी कळलं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं एक गुपित मी सांभाळलं आणि चेंचानं त्याच्यापायी जीव दिला. जिचा मार चुकवायला मी स्पॅनिश शिकले, ती पळी या घरात नव्हतीच. नव्हती, किंवा होती आणि मी विचारलं नाही. आजी आता नाही, तिला विचारता येत नाही. त्या दिवशी ती नुसतं तोंडानं बोलत होती, की मी उठून 'मला येते' म्हटलं असतं तर म्हणाली असती, मग जा ना, बस तिच्याजवळ? याचं उत्तर मला मिळणार नाही. हे सगळ्यात जास्त टोचतं.

म्हणून हे पत्र. तुझी पाटी खोटी आहे, यारे, ती छापू नकोस. 'कुणीच नव्हतं' हे खोड आणि लिही : एक बाई होती. तिचं नाव सेनाइदा, चेंचाच्याच गावची, शेजारच्या घरातली. ती तिथं खुर्चीवर बसली होती आणि गप्प राहिली. मंडळातली पोरं पुन्हा लातिनो कोण यावर भांडायला लागली, तर त्यांना तेही वाचून दाखव. आता ओदिलियाला बोलाव आणि हे पत्र तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखव, अडखळलीस तरी चालेल, पण मोठ्यानं. त्या पाटीला अंगठा पाठवून मी एकदा तिला फसवलं आहे, तू फसवू नकोस. मी एक तारखेला फुलं घेऊन विद्यापीठाच्या फाटकाशी येईन आणि बाहेरच थांबेन. ओदिलियानं बोलावलं तर आत येईन. ती नाही म्हणाली, तर फुलं तुझ्या हातात देऊन परत फिरेन. तिला सांग की तिनं तो शब्द गिळू नये, मी मोठी आहे म्हणून, मावशी आहे म्हणून. तिच्या आईनं तो आयुष्यात एकदाच वापरला, आणि तो माझ्यावर खर्च केला. तिच्या मुलीचा तो हक्काचा आहे.

तुझीच,
अजून तू म्हणशील तर,
आई